घडीवर फुटणारे शुभेच्छापत्र आणि बारा हजारांचे यंत्र

पत्राचा सारांश: साताऱ्याच्या एक वाचक भगिनी लिहितात, "माझे वय ५३ आहे. तीन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी दर दिवाळीला स्वतःच्या हातांनी शुभेच्छापत्रे तयार करून नातलगांना आणि जुन्या सहकाऱ्यांना पाठवते. गेल्या वर्षी चाळीस पाठवली. रंगीत जाड कागद, चमकी, लेस, नक्षीचे पंच, पेन यांनी एक कपाट भरले आहे, तरीही पत्रे मनासारखी उतरत नाहीत. घडीवर कागदाचा रंग फुटतो, चिकटवलेला भाग वाळला की पन्हळी पत्र्यासारखा होतो, कडा वाकड्या कापल्या जातात आणि माझे अक्षरही चांगले नाही. आकार कापून देणारे डाय-कटिंगचे यंत्र बारा हजारांना मिळते आहे, भिशीचे पैसेही हातात आले आहेत. जाऊबाई म्हणतात, 'मोबाइलवर क्षणात शुभेच्छा जातात, मग हा उपद्व्याप कशाला?' चाळीसपैकी सहाच जणांनी पत्र मिळाल्याचा फोन केला, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे वाटत नाही. यंत्र घ्यावे, की हा छंदच सोडून द्यावा?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही चार तक्रारी मांडल्या आहेत: घडी फुटते, चिकटवलेला कागद पन्हळतो, कड वाकडी जाते आणि अक्षर चांगले नाही. यांपैकी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या तक्रारीशी त्या यंत्राचा काही संबंध नाही. तिसरीशी येतो, तोही थोडासाच. या यंत्रात दोन रूळ असतात. धारदार कडांचा धातूचा पातळ साचा, म्हणजे डाय, कागदावर ठेवायची, वर आणि खाली प्लास्टिकच्या पाट्या लावायच्या आणि हा सगळा थर दांडा फिरवून रुळांमधून काढायचा, की दाबाने तेवढा आकार कापला जातो. पणतीच्या डायने पणती निघते, कमळाच्या डायने कमळ; तिसरा आकार हवा असला की तिसरी डाय विकत घ्यावी लागते, म्हणून बारा हजार हा खर्चाचा फक्त आरंभ असतो. एकच आकार शेकडो वेळा तंतोतंत सारखा कापायचा असेल, तर हे साधन फार उपयोगी आहे. तुम्हाला मात्र वर्षातून एकदा चाळीस पत्रे करायची आहेत.

हातून वस्तू नीट उतरली नाही, की आपल्याकडे एखादे साधन कमी आहे असे आपण धरून चालतो. तुम्हीही तसेच धरले आहे. पण कपाट भरलेले असताना घडी फुटत असेल, तर उणीव साधनांची नसावी. तुमची चमकीशी, लेसशी आणि पंचाशी चांगली ओळख झाली आहे. ज्याच्यावर हे सगळे बसते त्या कागदाशी ती अजून व्हायची आहे, असे मला वाटते. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी कागदासाठीच राखून ठेवते.

यंत्रावर कागद तयार होताना ओला लगदा पुढे सरकणाऱ्या जाळीवर पडतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्या सरकण्याच्या दिशेने आडवे होतात. छापखान्यातली माणसे या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतूंना समांतर घडी घातली तर ती सरळ आणि नितळ बसते. तंतूंवर आडवी घातली तर तंतू मोडतात, आणि कागदाला रंग केवळ वरवर दिलेला असेल तर मोडलेल्या रेषेतून आतला पांढरा थर दिसू लागतो. तुम्ही ज्याला रंग फुटणे म्हणता ते हेच असणार. दिशा ओळखणे सोपे आहे. कागद टेबलावर ठेवा आणि घडी न मोडता तळहाताखाली नुसता लववून पाहा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. एका बाजूने तो निमूट लवतो, दुसऱ्या बाजूने उसळी मारून वर येतो. ज्या बाजूने निमूट लवतो त्याच बाजूने घडी घालायची. तरीही खात्री वाटत नसेल तर एक लहान चौकोनी तुकडा एका अंगाने ओल्या बोटाने पुसा. त्याची सुरळी होऊ लागेल आणि सुरळीची लांबी ज्या दिशेने असेल, त्याच दिशेने तंतू आहेत असे समजा.

आता तुमच्या मापाकडे येते. तुम्ही ए-४ आकाराचा अख्खा कागद मधोमध दुमडून मोठे पत्र करत असाल, असा माझा अंदाज आहे, कारण बहुतेक जण तसेच करतात. ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, आणि या मापाच्या कित्येक कागदांत तंतू लांब बाजूला समांतर असतात. असा कागद मधोमध दुमडला की घडी नेमकी तंतूंवर आडवी येते. त्याऐवजी तोच कागद आडवा कापून दोन अर्धे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध दुमडा. आता घडी तंतूंना समांतर येईल, एका कागदात दोन पत्रे होतील आणि तयार पत्र सुमारे १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचे असेल. सी-६ या मापाचे तयार पाकीट ११४ गुणिले १६२ मिलिमीटरचे असते, त्यात हे पत्र सैल न पडता बसते. चाळीस पत्रांना वीस कागद पुरतील. एवढ्या एका बदलाने तुमची अर्धी तक्रार मिटेल असा माझा विश्वास आहे, आणि त्याला खर्च शून्य आहे.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. घरातला झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो. पत्राच्या अंगासाठी २२० ते २५० जीएसएम पुरे. ३०० च्या पुढचा कागद भारदस्त दिसतो, पण हाताने नीट दुमडत नाही. वर चिकटवायच्या आकारांसाठी १०० ते १२० जीएसएमचा कागद घ्या, कारण तो कात्रीने वळणदार कापता येतो. दुकानात रंगीत कार्डशीट घेताना नमुन्याच्या तुकड्याचा कोपरा फाडून पाहण्याची परवानगी मागा. फाटलेली कड आतूनही रंगीत असेल तर रंग लगद्यातच मिसळलेला आहे. ती पांढरी दिसली तर तो कागद घडीच्या कामाला घेऊ नका. गुळगुळीत आर्ट कार्ड दिसते छान, पण त्यावर शाई लवकर वाळत नाही आणि डिंकही नीट धरत नाही.

साताऱ्याहून पुणे जवळ आहे, म्हणून एक फेरी अवश्य करा. अप्पा बळवंत चौकात आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हिंडून तुमच्या कामाचे बहुतेक सामान मिळेल. पण त्याआधी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जा. १९४० साली सुरू झालेली ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते. साच्यावर लगदा उचलताना तंतू चहूकडे विखुरतात, त्यामुळे हातकागदाला ठळक अशी दिशा नसते आणि तो कोणत्याही बाजूने दुमडला तरी सहसा फुटत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही गावठाणांची नावेच सांगतात, की हा उद्योग आपल्याकडे किती जुना आहे. हातकागदाची एक अडचण मात्र आहे: काही प्रकारांवर शाई पसरते. घेताना तुमच्याच पेनने कोपऱ्यात एक जोडाक्षर लिहून पाहा. 'क्ष' वाचता आला तर तो कागद घ्या.

घडी घालण्यापूर्वी रेघ दाबून घेणे ही दुसरी गोष्ट. यासाठी बोन फोल्डर नावाची गुळगुळीत पट्टी मिळते आणि ती स्वस्तही असते, पण शाई संपलेले बॉलपेन किंवा क्रोशाच्या सुईचे मागचे टोक तितकेच चांगले काम देते. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चारपाच घड्या ठेवा, स्टीलची पट्टी धरा आणि पत्राच्या बाहेरच्या अंगावर एक चर दाबून काढा. मग चराच्या उलट दिशेने घडी घाला, म्हणजे चर बाहेर राहील आणि त्यामागचा बारीक उंचवटा घडीच्या आत जाईल. पुष्कळ जण चराच्या आत घडी घालतात. त्यामुळे कागद बाहेरच्या अंगाने ताणला जातो. घडी घातल्यावर तिच्यावर नुसते नख फिरवू नका, नखाने कागदाला चकाकी येते. वर साधा कागद ठेवून मग दाबा.

पन्हळण्याचे कारण पाणी आहे. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असते, आपण पीठ कालवून केलेल्या खळीत तर ते त्याहून जास्त. तंतू पाणी पिऊन फुगतात, वाळताना आकसतात, आणि वरचा व खालचा कागद वेगवेगळ्या प्रमाणात आकसला की पन्हळ उठते. म्हणून मोठ्या तुकड्यांना ओला डिंक लावूच नका. त्यांच्यासाठी चांगली ग्लू-स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. फेविकॉल लहान तुकड्यांसाठी ठेवा, तोही बाटलीतून थेट न लावता जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पट्टीने पातळ पसरवून. चिकटवल्यावर पत्र दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवा आणि रात्रभर हलवू नका. साधी पारदर्शक सेलोटेप पत्रावर कुठेही नको. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा डाग कायम राहतो. तुम्ही श्रावणापासून कामाला लागता असे लिहिले आहे. साताऱ्याच्या पावसात कागदही दमट होतो, म्हणून तो उभा न ठेवता आडवा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या त्यात टाकल्या तर उत्तम.

वाकड्या कडांसाठी थोडा खर्च करायला मी सांगेन. स्टीलची एक फुटाची पट्टी, पात्याचा बोथट तुकडा मोडून टाकता येतो असा कटर आणि ए-३ मापाची कटिंग मॅट, एवढेच घ्या. याला यंत्राच्या किमतीचा लहानसा अंशही लागणार नाही. प्लास्टिकच्या पट्टीला कटर खातो आणि पुढची प्रत्येक रेघ बिघडते. पट्टी नेहमी जो भाग ठेवायचा आहे त्याच्यावर धरा, म्हणजे हात घसरलाच तर टाकाऊ भाग खराब होईल. एकाच दमात कापू नका. पहिला हात हलका, दुसरा थोडा जोराचा, तिसऱ्यात कागद सुटतो. पाते कागद ओढू लागले की टोक मोडा, आणि मोडलेले तुकडे केराच्या टोपलीत न टाकता झाकणाच्या जुन्या डबीत साठवा. केर उचलणारी बाई हाताने तो निवडते, हे आपण विसरतो.

सजावटीविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण तुमच्या कपाटात ती पुरेशी आहे. सारखे आकार हवे असतील तर जुनी एक्स-रे फिल्म घ्या, तिच्यात कटरने पणतीचा आकार कोरा, आणि स्पंजाच्या तुकड्यावर पोस्टर कलर घेऊन तो आधी रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा करा. मग फिल्मवरून हलके ठोके द्या. रंग ओला असेल तर कडेखाली झिरपतो, कोरडा असेल तर पणतीची कड धारेसारखी उमटते. चाळीस पणत्या एका दुपारी होतात आणि फिल्म पुढच्या वर्षीही चालते. खाण्याचे पदार्थ मात्र कागदावर लावू नका. एका संक्रांतीला मी वीस पत्रांवर खरे तीळ चिकटवले होते. आठवड्याभरात तिळाचे तेल कागदात उतरून पाठीमागे डाग उमटले, आणि माझ्या मावशीने मुंग्या लागलेले पत्र फार हळहळून बाहेर ठेवले. त्या पत्रात मी तिला काय लिहिले होते, ते तिला पूर्ण वाचताही आले नाही. तेव्हापासून तांदूळ, डाळी, तीळ माझ्या टेबलावर येत नाहीत. हळदीचा पिवळा रंगही टाळा, तो उन्हात उडतो.

अक्षराबद्दलची तुमची भीती मला समजते, पण तिच्यासाठी छापील शुभेच्छांचे स्टिकर लावू नका. पत्राच्या आत लिहिण्यासाठी झेरॉक्सच्या जाडीचा वेगळा कागद घ्या, तो पत्राच्या मापापेक्षा सर्व बाजूंनी पाच मिलिमीटर लहान कापा, मधोमध दुमडा, पेन्सिलीने हलक्या रेघा आखून त्यावर मजकूर लिहा, शाई पूर्ण वाळल्यावर रेघा खोडा आणि घडीजवळ डिंकाची एक बारीक रेघ देऊन तो आत बसवा. चूक झाली तर फक्त तो पातळ कागद वाया जातो, पत्र शाबूत राहते; आणि पत्राचे अंग गडद रंगाचे असले तरी लिहायला पांढरी जागा मिळते. मायन्यात 'ती. काकांस सा. न. वि. वि.' आणि 'चि. बाळास अनेक आशीर्वाद' हा भेद तुमच्या हाताने उमटला, की ते पत्र त्या एकाच माणसाचे होते. तुमचे अक्षर तुमच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. ते त्यांना सुबक दिसावे अशी त्यांची अपेक्षा असेल, असे मला वाटत नाही; ते ओळखू आले की त्यांना बरे वाटेल.

आता त्या सहा फोनांविषयी. पत्रातली ही ओळ तुम्ही घाईने लिहून पुढे गेला आहात, पण मला तीच सर्वांत जड वाटली. यंत्राने कापलेल्या देखण्या कमळांमुळे उरलेले चौतीस जण फोन करतील का, हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचारून पाहा. माझ्या मते करणार नाहीत, कारण फोन न करण्याचे कारण पत्राच्या कडेत नाही. काही जणांना पत्र पोचले नसेल, काही जणांनी ते देवघराजवळ किंवा टीव्हीच्या कपाटावर उभे करून ठेवले असेल आणि त्यांना ते तुम्हाला कळवायचे सुचले नसेल, आणि काही जणांना खरोखरच त्याचे काही वाटले नसेल. या तिसऱ्या गटासाठी तुम्ही रात्री जागून काम करता, तेव्हा थकवा येणारच. चाळीस हा आकडा कोठून आला? नोकरीतल्या वाढदिवसांच्या यादीतून आला असेल, तर ती यादी आता तुमच्यावर बंधनकारक नाही. या दिवाळीला पंधरा पत्रे करा: ते सहा जण, आणि ज्यांना लिहिण्यासारखे तुमच्याजवळ खरोखर काही आहे असे नऊ. उरलेल्यांना मोबाइलवर शुभेच्छा द्या. जाऊबाईंचे म्हणणे तेवढ्यापुरते योग्य आहे, आणि तसे त्यांना सांगायलाही हरकत नाही. पंधरांतले एक पत्र त्यांच्या नावाचे असू द्या.

तरीही यंत्राची दारे मी बंद करत नाही. हाच प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यापैकी काहींना ते घेणे रास्त ठरेल. शाळेच्या किंवा मंडळाच्या कार्यक्रमासाठी दरवर्षी दोनशे-तीनशे निमंत्रणे करणाऱ्यांना, किंवा ज्यांना नियमित मागणी आहे आणि दर पत्रामागे किती मिनिटे लागतात याचा हिशोब ज्यांनी मांडला आहे, त्यांना ते वेळ वाचवून देते. अंगठ्याचे सांधे दुखत असल्यामुळे जाड कागदावर कात्री चालवणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठीही ते सोयीचे असू शकते. मात्र हाताने फिरवायच्या यंत्राच्या दांड्यालाही जोर लागतो, म्हणून त्यांनी ते दुकानात स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि यंत्राची किंमत वसूल व्हावी म्हणून पत्रे विकायला काढावीत असा विचार मनात येत असेल, तर तो निर्णय यंत्र घेण्याच्या आधी करावा, नंतर नव्हे. विक्री हा वेगळा व्यवसाय आहे आणि त्यात छंदाची सुटी मिळत नाही.

तुम्ही या दिवाळीपुरते एक करा. टेबलावर एक लहान वही ठेवा आणि काम करताना ज्या साधनावाचून हात अडला, ते त्याच वेळी तारखेसह लिहून ठेवा. पंधरा पत्रे संपेपर्यंत 'हाच आकार पुन्हापुन्हा कापावा लागला' अशी नोंद बरेचदा आली, तर भिशीच्या पैशांतून यंत्र घेण्यात मला काही गैर दिसणार नाही. नोंद कागदाची किंवा पात्याचीच येत राहिली, तर पैसे हातकागदासाठी ठेवा. टपालाचा दर वजनावर ठरतो, म्हणून तयार पत्र पाकिटासह स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा. २५० जीएसएमचे लहान पत्र स्वतः आठ ग्रॅमच्या आसपास भरते, वजन वाढते ते मणी आणि फोम टेपच्या थरांनी. असे फुगीर पत्र टपालात दाबलेही जाते.

कोणत्याही यंत्रातून न निघणारी एक गोष्ट मात्र तुम्ही आत्ताच सुरू करावी, कारण तिला वेळ लागतो. पिंपळाची पाने पाण्यात भिजत घाला आणि दर तीनचार दिवसांनी पाणी बदला. तीनचार आठवड्यांनी पानातला हिरवा गर बुळबुळीत होऊन सुटू लागतो. मग पान ताटात पाण्याखाली ठेवून जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने गर सोडवा, राहिलेली जाळी टिपकागदावर घ्या आणि जाड पुस्तकात दाबून वाळवा. गडद निळ्या किंवा तपकिरी हातकागदावर ती जाळी ठेवून मधल्या शिरेखाली डिंकाचे दोनतीन टिंब दिले की पुरे, सगळ्या पानाला डिंक लावला तर जाळी बुजते. पाने झाडावरून घेताना जून, गडद हिरवी निवडा. कोवळ्या पानांच्या शिरा गराबरोबरच कुजतात. पंधरा पत्रांसाठी पंचवीस तरी घ्या, ब्रशखाली काही फाटतीलच.